गोलांची वही

फुटबॉलवर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. माझा धंदा मराठी शिकवण्याचा. पोथ्या, बखरी, पाठभेद आणि प्रक्षेप यांत माझी वीस वर्षे गेली. शाळेत असताना एकदाच मला गोलात उभे केले होते. त्या दिवशी आमच्या वर्गाने सात गोल खाल्ले आणि पुन्हा मला कोणी बोलावले नाही. त्या क्षेत्रातली माझी कामगिरी एवढीच. तरीही यंदाच्या दिवाळी अंकात हे सदर मी थेट ब्राझीलच्या मैदानावर नेऊन ठेवीत आहे. त्याला कारण माझा भाचा.

आम्ही कोल्हापूरकर. आमच्या गावी फुटबॉल हा खेळ पेठांचा आणि तालमींचा. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की निम्मे गाव तिकडे लोटते आणि उरलेले निम्मे घरी बसून त्याच सामन्यावर भांडते. भाचा अशाच एका तालमीच्या संघातून सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळतो. पोरगा गुणी आहे. गेल्या महिन्यात तो तिन्हीसांजेला आला आणि काही न बोलता ओट्यावर बसला. बहिणीने पाठवलेला चिवड्याचा डबा हातात तसाच.

"काय रे, कुणाशी भांडून आलास?" मी विचारले.

"भांडण नाही, मामा. कुठल्याशा निवडीचा अर्ज होता. 'कामगिरी' असा एक रकाना होता. मी तीन हंगामांचे गोल लिहिले. पलीकडच्या गृहस्थांनी वाचले आणि म्हणाले, राज्य पातळी, राष्ट्रीय पातळी असे काही असेल तर सांगा, हे गल्लीतले गोल कोण मोजतो!"

मी चहा टाकायला सांगितला. काय बोलावे ते सुचेना. उपदेश करायची आमची जुनी सवय, पण त्या पोराच्या चेहऱ्याकडे पाहून तीही जिभेवर येईना. मग तोच म्हणाला, "आणि तुम्हाला गंमत सांगतो, मामा. जगात सर्वांत जास्त गोल करणारा म्हणून ज्याचे नाव कित्येक पुस्तकांत छापले आहे ना, तो असाच आमच्यासारखा प्रांतातल्या क्लबांतून खेळला. आर्तूर फ्रीडेनराइख. एक हजार तीनशे एकोणतीस गोल. आणि आता म्हणतात, ते सगळे खोटे."

"खोटे म्हणजे?"

"म्हणजे वही हरवली."

वाचकहो, 'वही हरवली' हे शब्द मराठीच्या प्राध्यापकापुढे उच्चारू नयेत. त्या रात्रीपासून मी फ्रीडेनराइखच्या मागे लागलो. पुढे जे लिहितो आहे, ते त्या शोधाचे फळ.

* * *

साओ पाउलो शहराच्या लूझ नावाच्या भागात दोन रस्ते मिळतात. एकाचे नाव विजय, दुसऱ्याचे नाव जयोत्सव, अर्थात पोर्तुगीजमध्ये. त्या कोपऱ्यावर १८ जुलै १८९२ रोजी हा मुलगा जन्मला. कादंबरीकाराने असा पत्ता लिहिला असता, तर आम्ही समीक्षकांनी त्याला कृत्रिम म्हणून झोडपले असते. बापाचे नाव ऑस्कर. तो जर्मन वंशाचा व्यापारी. आई माटिल्डे आफ्रिकी वंशाची, गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या कुळातली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ ला. म्हणजे हा पोरगा जन्मला तेव्हा त्या कायद्याची शाई जेमतेम चार वर्षांची होती. मुलाचे डोळे बापाचे, हिरवे. वर्ण आणि केस आईचे. हे तपशील मी उगाच सांगत नाही. त्याचे सारे आयुष्य या दोन वारशांच्या मधल्या फटीत गेले.

फुटबॉल त्या वेळी तिथे नवा होता. चार्ल्स मिलर हा साओ पाउलोत जन्मलेला इंग्रज घरातला मुलगा इंग्लंडमध्ये शिकून १८९४ मध्ये परतला, तो सामानात चेंडू घेऊन आला, अशी ब्राझीलच्या फुटबॉलची जन्मकथा सांगतात. १९०२ मध्ये साओ पाउलोची प्रांतिक स्पर्धा सुरू झाली, आणि त्या देशातली ती सर्वांत जुनी. खेळणारे कोण? इंग्रज कंपन्यांतले अधिकारी, जर्मन व्यापाऱ्यांची मुले, कॉफीच्या मळ्यांवर गब्बर झालेल्या घराण्यांचे चिरंजीव. क्लब म्हणजे जिमखाना. दारावर उभा राहणारा माणूस आधी आडनाव विचारायचा आणि मग तोंडाकडे पाहायचा.

फ्रीडेनराइखचे आडनाव दारातून आत शिरण्याजोगे होते. १९०९ मध्ये तो जर्मन मंडळींच्या जर्मानिया क्लबातून खेळू लागला. पुढे इपिरांगा, मग अमेरिकन मिशनऱ्यांच्या कॉलेजातून निघालेला मॅकेंझी, पुन्हा इपिरांगा. १९१२ मध्ये मॅकेंझीकडून खेळताना प्रांतिक स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याचे झाले. वय वीस. अंगाने सडपातळ, शिडशिडीत. त्या वेळचे फॉरवर्ड सरळ धावत जाऊन चेंडूला जोराने लाथ घालीत. हा अंगाला झोल देऊन समोरच्याला एकीकडे पाठवी आणि आपण दुसरीकडून निघे. चेंडूला तिरका पाय लावून तो वळवून मारी. पुढे ज्याला जग ब्राझीलची शैली म्हणू लागले, तिच्या मुळाशी जी चारदोन नावे सांगतात, त्यांत हे नाव पहिल्या ओळीत असते.

पण मैदानावर उतरण्याआधी त्याला आणखी एक काम असे. मारियो फिल्यो नावाच्या पत्रकाराने १९४७ मध्ये ब्राझीलच्या फुटबॉलमधील काळ्या खेळाडूंवर एक पुस्तक लिहिले, आणि त्यात ही हकीकत येते. संघ मैदानावर जाऊन उभा राही, प्रेक्षक ओरडत, पंच घड्याळ पाही, तरी फ्रीडेनराइखचा पत्ता नसे. तो आत आरशापुढे असे. केसांना तेल आणि ब्रिलियंटाइन चोपडायचे, कंगव्याने ओढून मागे बसवायचे, वरून ओला टॉवेल गुंडाळायचा आणि कुरळेपणा दबला की मगच बाहेर यायचे. सर्वांत शेवटी येणारा खेळाडू तो. लोकांना वाटे, हा मोठा माणसाचा नखरा. तसा तो थोडा होताही. पण त्या टॉवेलाखाली काय दाबले जात होते, हे त्याला एकट्यालाच ठाऊक.

तो एकटाच असे करीत होता असेही नाही. रिओच्या फ्लुमिनेन्से क्लबात कार्लोस अल्बेर्तो नावाचा मिश्र वर्णाचा खेळाडू होता. १९१४ मध्ये तो तोंडाला तांदळाची पावडर लावून उतरला, घामाने ती ओघळली आणि प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांनी 'तांदळाची पावडर!' म्हणून गलका केला, अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे. पुढे ते नावच त्या क्लबाला चिकटले. आज त्याच क्लबाचे पाठीराखे स्टेडियमवर पांढरी भुकटी उधळून आनंद साजरा करतात. अपमानाचा गुलाल कसा होतो, याचे दुसरे उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

* * *

२१ जुलै १९१४ ला रिओत ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना झाला. समोर एक्सेटर सिटी हा इंग्लंडचा व्यावसायिक संघ होता. ब्राझीलने तो २–० असा जिंकला. फ्रीडेनराइखने गोल केला नाही, मात्र दोन दात गमावले. आणि तोंडातून रक्त येत असताना तो परत येऊन खेळला.

पाच वर्षांनी त्याचा दिवस आला. दक्षिण अमेरिकेची स्पर्धा १९१८ मध्ये रिओत व्हायची होती, पण इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे ती पुढच्या वर्षी गेली. ब्राझील आणि उरुग्वे यांचे गुण सारखे झाले, तेव्हा २९ मे १९१९ ला निर्णायक सामना ठरला. उरुग्वे हे आधीच्या दोन्ही स्पर्धांचे विजेते. नव्वद मिनिटे झाली, गोल नाही. तीस मिनिटे वाढवली, तरी नाही. पुन्हा तीस वाढवली. त्या काळी राखीव खेळाडू उतरवायची सोय नव्हती. पायात गोळे आलेली तीच बावीस माणसे पळत होती. दुसरी वाढीव वेळ सुरू होऊन दोनतीन मिनिटे होतात न होतात तोच नेकोने उजवीकडून चेंडू आत टाकला, एक फटका गोलकीपरने परतवला, आणि परत आलेला तो चेंडू फ्रीडेनराइखच्या पायावर पडला. ब्राझील १, उरुग्वे ०. उरलेला वेळ कसाबसा निघाला.

त्या रात्री रिओ झोपले नाही. ज्या बुटाने गोल झाला, तो एका जवाहिऱ्याच्या दुकानात काचेमागे हिऱ्यांच्या शेजारी मांडून ठेवला होता, असे सांगतात. पिशिंगिन्या या मोठ्या संगीतकाराने 'एक विरुद्ध शून्य' या नावाची एक रचना केली. ती अजून वाजवली जाते. हरलेल्या उरुग्वेच्या लोकांनी त्याला 'वाघ' म्हटले, आणि हे नाव जन्मभर राहिले.

वाघाच्या बुटाला काचेचे कपाट मिळाले. वाघाला मात्र दोनच वर्षांत पिंजऱ्याचे दार दिसले. १९२१ ची स्पर्धा ब्युनोस आयर्सला होती. त्या संघात एकही काळा वा मिश्र वर्णाचा खेळाडू नको, परदेशात देशाची शोभा राहिली पाहिजे, अशी इच्छा राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांच्याकडून आली, असे इतिहासकार नोंदवतात. फ्रीडेनराइख गेला नाही. लिमा बारेतो या कादंबरीकाराने त्यावर जळजळीत लिहिले. हा लेखक स्वतः मिश्र वर्णाचा, आणि मौज अशी की त्याला फुटबॉल मुळीच आवडत नसे. जो खेळ आपल्याला आवडत नाही, त्यातल्या अन्यायावर लिहायला उठणारा साहित्यिक मला फार मोठा वाटतो. ब्राझील त्या वर्षी हरले, आणि १९२२ मध्ये स्पर्धा घरी भरली तेव्हा वाघाला पुन्हा बोलावणे आले.

* * *

आता भाच्याच्या मूळ दुखण्याकडे येतो. राष्ट्रीय संघातून हा माणूस साऱ्या आयुष्यात पंचवीससुद्धा सामने खेळला नसेल. मग बाकीचा खेळ कुठे झाला? प्रांतात. ब्राझील हा खंडप्राय देश. साओ पाउलोचा संघ उत्तरेकडच्या शहरात दर आठवड्याला जाऊन खेळेल, हे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक प्रांताची आपापली स्पर्धा, आपापली मंडळे आणि आपापली भांडणे. साऱ्या देशाच्या क्लबांची वार्षिक स्पर्धा सुरू झाली ती थेट १९५९ मध्ये. तोवर ब्राझीलचा फुटबॉल म्हणजे प्रांतांचाच फुटबॉल. 'गल्लीतले गोल' म्हणून ते बाजूला काढले, तर त्या देशाच्या खेळाच्या पहिल्या साठ वर्षांत फारसे काही उरत नाही.

१९१८ पासून तो पाउलिस्तानो क्लबात स्थिरावला. हा कॉफीसम्राटांचा क्लब. अध्यक्ष आंतोनियो प्रादो ज्युनियर हे त्याच वर्तुळातले. १९१६ ते १९१९ असे सलग चार वर्षे प्रांतिक अजिंक्यपद या क्लबाकडे होते. हेच प्रादो १९२५ मध्ये आपला संघ घेऊन युरोपला गेले. ब्राझीलच्या क्लबाने युरोपात जाऊन खेळण्याची ती पहिलीच वेळ. १५ मार्चला पॅरिसमध्ये पहिला सामना फ्रान्सच्या निवडक संघाशी झाला आणि पाउलिस्तानोने तो ७–२ असा जिंकला. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि पोर्तुगाल मिळून दहा सामने झाले. नऊ जिंकले, एक हरले. फ्रेंच वर्तमानपत्रांनी त्यांना 'फुटबॉलचे राजे' म्हटले. लक्षात घ्या, हा ब्राझीलचा संघ नव्हता. हा एका प्रांतातला एक क्लब होता.

१६ सप्टेंबर १९२८ ला साओ पाउलोत युनियाओ दा लापा या लहान क्लबाविरुद्ध पाउलिस्तानोने नऊ गोल केले. त्यांतले सात एकट्या फ्रीडेनराइखचे. वय छत्तीस. आमच्याकडे या वयात मास्तरांना चष्मा लागतो.

मग प्रांताच्या भांडणाने त्याचा घात केला. १९३० मध्ये पहिली विश्वचषक स्पर्धा उरुग्वेत ठरली. रिओत बसलेल्या राष्ट्रीय मंडळाने संघ निवडणाऱ्या समितीत साओ पाउलोचा एकही माणूस घेतला नाही. साओ पाउलोवाले रागावले आणि त्यांनी आपले खेळाडू पाठवायचे नाकारले. आपल्या क्लबाशी बिनसलेला एकटा आराकेन तेवढा गेला. ब्राझील युगोस्लाव्हियाकडून २–१ असे हरून परत आले. फ्रीडेनराइखची अडतिशी त्याच जुलैत भरली. दुसरा विश्वचषक यायला चार वर्षे होती आणि ती त्याच्याजवळ नव्हती. ज्या माणसाला एकदा रंगावरून बाहेर ठेवले, त्याला दुसऱ्या खेपेस गावावरून बाहेर ठेवले. मंडळांच्या बैठकांचे इतिवृत्त कोणी लिहीत असेल, तर त्यात हे वाक्य नसेल.

एव्हाना पाउलिस्तानोनेही दार लावले होते. खेळाडूंना उघड पैसे द्यावेत की नाही, या वादात त्या श्रीमंत क्लबाने हौशीपणाचा हट्ट धरला. १९२६ मध्ये वेगळी लीग काढली, आणि १९२९ नंतर फुटबॉलच बंद केला. ज्याच्या घरी रोज दोन वेळची पंगत उठते, त्याला खेळाडूने उपाशीपोटी खेळावे यात मोठे सौंदर्य दिसते. त्या क्लबाचे खेळाडू आणि आणखी एका क्लबाचे मैदान मिळून १९३० मध्ये साओ पाउलो फुटबॉल क्लब उभा राहिला. फ्रीडेनराइख तिकडे गेला आणि १९३१ चे प्रांतिक अजिंक्यपद त्याने या नव्या क्लबाला मिळवून देण्यास हात लावला.

१९३२ मध्ये साओ पाउलोने राज्यघटनेच्या मागणीसाठी वार्गासच्या सरकारविरुद्ध बंड पुकारले. हा चाळिशीचा माणूस खेळाडूंच्या पलटणीत सार्जंट म्हणून भरती झाला आणि लेफ्टनंट होऊन परतला. बंडाच्या निधीसाठी सोने गोळा होत होते. त्यात त्याने आपली पदके आणि चषक देऊन टाकले, असे सांगतात. म्हणजे घरात पुरावा म्हणून जे काही धातूचे होते, तेही गेले. पुढच्या वर्षी व्यावसायिक फुटबॉल अधिकृत झाला. १२ मार्च १९३३ ला सांतोसच्या मैदानावर पहिला व्यावसायिक सामना झाला, आणि त्या युगातला पहिला गोल कोणी केला म्हणता? याच म्हाताऱ्या वाघाने. आयुष्याची उमेद सरत आली तेव्हा त्याच्या खेळाला उघड दाम मिळू लागला. १९३५ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, रिओच्या फ्लामेंगो क्लबाकडून खेळून त्याने बूट उतरवले.

* * *

आता ती वही.

हकीकत अशी सांगतात की, बाप ऑस्करने मुलाच्या पहिल्या सामन्यांपासून गोलांची नोंद एका वहीत ठेवायला सुरुवात केली. १९१८ मध्ये त्याने ती पाउलिस्तानोतला मुलाचा सोबती मारियो दि आंद्रादा याच्या हवाली केली, आणि आंद्रादाने पुढची सतरा वर्षे ती नोंद चालू ठेवली. १९६० नंतर एका पत्रकाराला त्याने एकूण आकडा सांगितला आणि कागद नंतर देतो म्हटले. पण ते देण्यापूर्वीच तो वारला. कागद कुणाला मिळाले नाहीत. आकडा तेवढा उरला: १३२९ सामने आणि १२३९ गोल. पुढे छापताना या दोन संख्यांची जागा बदलली आणि झाले १२३९ सामने, १३२९ गोल. तोच आकडा या पुस्तकातून त्या पुस्तकात गेला आणि जगप्रसिद्ध झाला.

हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ही तर आमची नेहमीची ओळख! लेखकूने दोन अक्षरे उलटी लिहिली, पुढच्या लेखकूने ती प्रमाण मानली, आणि तिसऱ्याने त्यावर भाष्य लिहिले! पोथ्यांच्या जगात असे प्रमाद रोज सापडतात. आणि मोठ्या संख्येचेही तसेच. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, अशी आपल्याकडे परंपरा आहे. ती संख्या कोणी मोजून सांगितलेली नाही. ज्याचे देणे मोजवत नाही, त्याच्या नावे लोक एक आकडा लिहून ठेवतात. तो हिशेब नसतो, कृतज्ञता असते. पण म्हणून गाथेच्या संपादकाने शतकोटी छापायचे नसतात. त्याने हाती असलेले अभंगच मोजायचे असतात.

ब्राझीलमध्येही एक संपादक निघाला. आलेशांद्रे दा कोस्ता या पत्रकाराने त्या काळच्या साओ पाउलोच्या वर्तमानपत्रांची पाने उलटून सामनावार हिशेब केला आणि १९९९ मध्ये आपल्या पुस्तकात मांडला. ५६१ सामने, ५५४ गोल.

भाच्याला मी हा आकडा सांगितला, तेव्हा त्याचा चेहरा पडला. "बघा, म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणजे खोटेच."

"अरे, भागाकार कर," मी म्हणालो.

त्याने केला. मग थोडा वेळ गप्प बसला. "मामा, हे जवळजवळ सामन्याला एक पडते."

"आणि त्या जुन्या आकड्यात?"

"तिथेही साधारण तेवढेच."

"मग आकडा घटून माणूस कुठे घटला? उलट मला तर तो वाढलेला दिसतो. हजाराच्या गोष्टीवर श्रद्धा ठेवावी लागत होती. हे ५५४ छापील आहेत. प्रत्येकाला तारीख आहे, मैदान आहे, समोरचा संघ आहे. आणि त्यांतले बहुतेक सारे तुझ्या त्या गृहस्थांच्या भाषेत गल्लीतलेच."

निवृत्तीनंतर वाघाने पेये विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली. साओ पाउलो क्लबाने राहायला दिलेल्या घरात त्याचे म्हातारपण गेले. पैसा नव्हता, आणि शेवटी शेवटी आठवणही राहिली नाही. ज्याच्या गोलांसाठी दोन माणसांनी आयुष्यभर वही सांभाळली, त्याला स्वतःला त्यांतला एकही सांगता येईना. ६ सप्टेंबर १९६९ ला तो गेला. अडीच महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, माराकानावर पेलेने आपला हजारावा गोल केला. स्टेडियम उसळले आणि साऱ्या जगाने बातमी छापली. पेलेच्या नावावर पुढे १२८३ गोल लागले. त्यांत मैत्रीचे सामने आहेत, लष्करातल्या संघाकडून केलेले गोलही आहेत. पण तिथे प्रत्येक गोल लिहून घेणारे लोक होते. पेलेच्या मोठेपणाला यात बाधा येत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, ज्याच्यामागे लिहिणारे असतात त्याची कारकीर्द होते, आणि ज्याच्यामागे नसतात त्याची दंतकथा होते. दंतकथा ऐकायला गोड असते. पण कोणीही उठावे आणि तिला खोटी म्हणावे, एवढी ती दुबळी असते.

* * *

परवा बाजारात गेलो होतो. दिवाळी तोंडावर आली की आमच्याकडे दुकानांतून लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांचे ढीग लागतात. हिशेब यंत्रावर गेले, तरी लक्ष्मीपूजनाला वही लागतेच. एक मध्यम जाडीची घेतली. दुकानदाराने विचारले, "प्राध्यापकसाहेब, कसला धंदा काढलात?" म्हटले, "गोलांचा." त्याने हसून पाच रुपये सोडले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भाच्याच्या हाती ती ठेवीन. रकाने आखून ठेवले आहेत: तारीख, मैदान, समोरचा संघ, निकाल, गोल, आणि चेंडू कोणी दिला त्याचे नाव. हा शेवटचा रकाना त्याने काढायला सांगितला नव्हता. तो मी मुद्दाम घातला. नेकोने उजवीकडून चेंडू टाकला नसता, तर जवाहिऱ्याच्या दुकानात हिरेच राहिले असते.

ही योजना मी त्याला आधीच सांगून बसलो; माझ्या पोटात काही राहत नाही. त्याला ती पसंत पडली, पण एक शंका निघाली.

"मामा, दिवाळीनंतर हंगाम सुरू होईल. पहिल्याच सामन्यात एकही गोल झाला नाही तर काय लिहू?"

"शून्य लिही. पण त्याच दिवशी लिही, आणि शाईने लिही."